कारागीर का जातो?

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे कापडाचे कारखाने आधीपासून आहेत. 20 सप्टेंबर 2024 रोजी तेथील पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. कारखाने वाढले की आपल्या शिंप्यांना मागणी वाढणारच. जास्त मजुरी मिळते तिकडे कारागीर जाईल; यात त्याचा कसूर नाही.

व्यापारी बंधूंनो, नुकसान आपण फक्त पगारात मोजतो. पण नवा मुलगा कापड बिघडवतो, त्याला शिकवताना उस्तादाची मशीन थांबते, आणि गेलेल्याचे काम अंगावर पडल्याने राहिलेल्यांचेही मन उडते. माझा कटिंग मास्टर ऐन रमजानच्या तोंडावर गेला, मागोमाग दोन शिंपी गेले.

हा सवाल जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर दारावरच बदली कामगार निवडी. 1935 मध्ये मालकांनी बदली कार्डे काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे आणि रिकाम्या जागी त्यांनाच घेत. साच्यावर निदान ओळखीचा हात राही.

आपल्या छोट्या कारखान्यात कार्ड कशाला? उचल देऊन माणूस बांधणेही बरे नव्हे. शरीर थांबते, काम थांबते. पगाराची तारीख पाळा, नगाचा दर हंगामाआधी ठरवा. माझ्या मास्टरने शाबानमध्येच वाढ मागितली होती. मी म्हणालो, ईदनंतर बघू.