नवऱ्याचं कार्ड, बायकोच्या हातात



ट्रॉलर आठ-दहा दिवस बाहेर, फोनला नेटवर्क नाही, डेबिट कार्ड घरी बायकोकडे आणि पिन तिला तोंडपाठ. आपल्याकडे बऱ्याच घरांत असंच चालतं. मुलाची फी भरायची असते, वाणसामान आणायचं असतं, ती जाऊन पैसे काढते. यात वावगं काय, असं आपल्याला वाटतं. बँकेला तसं वाटत नाही.

2013 साली बेंगळुरूत बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका बाईने आपलं कार्ड देऊन नवऱ्याला एटीएमवर पाठवलं. खात्यातून 25,000 रुपये कापले गेले, पण नोटा बाहेर आल्याच नाहीत. बँकेने कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. त्यात खातेदार दिसत नव्हती, नवरा दिसत होता. म्हणजे पिन दुसऱ्याला सांगितला, असं म्हणून तक्रार बंद केली. बाई ग्राहक मंचात गेली. 2018 मध्ये निकाल लागला तो बँकेच्या बाजूने. स्वतः जाता येत नव्हतं तर सेल्फ चेक किंवा अधिकारपत्र द्यायचं होतं, असं मंचाचं म्हणणं. बाळंतिणीला हे सांगणं मला तरी कठोर वाटतं, पण नियम तसाच आहे.

एरवी एटीएममधून पैसे न येता कापले गेले तर बँकेने 5 दिवसांत ते परत जमा करायचे असतात. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. हा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम. पण कार्ड कोणी वापरलं हा प्रश्न निघाला की आपली बाजू लंगडी पडते.

म्हणून नवरा-बायकोचं जॉइंट खातं करा, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. दोघांच्या नावाने वेगळी कार्डं घ्या, वेगळे पिन ठेवा. फॉर्म भरायला अर्धा तास जातो, बस्स.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी कार्डावरून पैसे उडवले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामाच्या दिवसांत कळवल्यास आपला एक रुपयाही जात नाही, असं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगतं. 4 ते 7 दिवस लागले तर नेहमीच्या बचत खात्यावर 10,000 रुपयांपर्यंत भार आपल्यावर येऊ शकतो. त्यापुढे बँकेचं धोरण. ओटीपी किंवा पिन आपणच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. आणि मेसेज येतो तो फोन तर तांडेलाच्या खिशात, समुद्रात! त्यामुळे निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा ऑनलाइन वापर आणि टॅप बंद करून जा. टॅपला 5,000 रुपयांपर्यंत पिन विचारत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो. जुन्या खात्यांना 1 लाख, 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्यांना 2 लाख. अट एकच, पण महत्त्वाची: अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत त्या कार्डावर निदान एक व्यवहार झालेला हवा. आता आपला हिशेब करा. 1 जून ते 31 जुलै बंदीचे 61 दिवस. मे महिन्यातही कार्ड पेटीतच पडून होतं, तर ऑगस्टला बोट सुटते तेव्हा 90 दिवस उलटून गेलेले. आणि समुद्र खवळलेला असतो तोही तेव्हाच.

शंभर रुपये काढले तरी चालतात. फोनवरून पैसे पाठवले म्हणजे कार्ड वापरलं असं मात्र धरून चालू नका. खलाशांनाही सांगा, त्यांच्यातल्या पुष्कळांची खाती जनधनचीच आहेत. आणि पेटीत असं कार्ड आहे हे घरच्यांना सांगून ठेवा, कारण दावा त्यांनाच करायचा असतो.