ट्रॅक्शनचा दिवा आणि टॉर्कचा निरोप

ऊसतोडीच्या हंगामात कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरकडचे रस्ते आठवा. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, वर पाचट पडलेलं. एखादी सर आली की गाडीचं एक चाक डांबरावर, दुसरं चिखलात. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईत वाहनचाचणीसाठी खास ट्रॅक आहेत. आपल्याला हा प्रयोग घराबाहेर फुकट बघायला मिळतो!

डिफरन्शियलचा धडा सगळ्यांनी पाठ केलाय. पकड नसलेलं चाक गरागरा फिरतं आणि गाडी जागेवरच. ट्रॅक्शन कंट्रोल दोन गोष्टी करतं. एक, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं. दोन, इंजिनच्या ईसीयूला कॅन बसवरून निरोप पाठवतं, "टॉर्क कमी कर." ईसीयू उलट कळवतो की सध्या टॉर्क इतका आहे.

गंमत अशी की हा आकडा सहसा मोजलेला नसतोच. क्रँकशाफ्टवर टॉर्क मोजणारा सेन्सर कोणी बसवत नाही. आत गेलेली हवा, इंधन, आरपीएम, इग्निशन टायमिंग यांवरून ईसीयू हिशेब करतो. त्यामुळे हवेचा, थ्रॉटलचा किंवा पेडलचा सेन्सर बिघडला की ईसीयूचा स्वतःच्याच हिशेबावर विश्वास उरत नाही आणि तो आकड्यावर 'अवैध' असा शिक्का मारतो. तो शिक्का वाचून एबीएसचा कंट्रोलर ट्रॅक्शन बंद करतो आणि दिवा लावतो. म्हणजे दुखणं इंजिनचं, बोंब एबीएसची.

आमच्या मामांच्या पेट्रोल गाडीचं हेच झालं. पुणे-नाशिक रस्त्यावर चंदनापुरी घाट चढताना एकदम ताकद गेली, ट्रॅक्शनचा दिवा लागला, आणि मागे भरलेला ट्रक. मामी अजून त्या रस्त्याने जायचं म्हटलं की घाबरते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, एबीएसचं युनिट बदला. खर्चाचा आकडा माझ्या वर्षभराच्या मेस बिलाहून मोठा! मामा पैसे भरायच्या बेतात होते.

सरांच्या परवानगीने लॅबचा स्कॅनर घेऊन गेलो. एबीएसमध्ये एकच कोड होता: इंजिन टॉर्क सिग्नल अवैध. तिथेच न थांबता इंजिनचा ईसीयू उघडला. तिथे कोड होता: पेडलचे दोन सिग्नल जुळत नाहीत. कोड पुसण्याआधी दोन्ही लिहून घेतले, कारण पुसल्यावर त्यांच्याबरोबर साठवलेली आरपीएम, वेगाची नोंदही जाते. मग इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून पेडल हळूहळू दाबलं आणि लाइव्ह डेटा पाहिला. या गाडीत दुसऱ्या सिग्नलचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा राहायला हवा. राहतही होता. पण पेडलजवळची वायर हलवली की दुसरा एकदम शून्य! सॉकेट काढलं तर पिनेवर हिरवा गंज. साफ केलं, पिन घट्ट केली, कोड पुसले, मामांना शेजारी बसवून तोच घाट चढलो. दिवा लागला नाही.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. इंजिनमध्ये कोडच नाही आणि एबीएस म्हणतंय 'संपर्क तुटला', तर आकडा चुकीचा नसून निरोपच पोचत नाही. असे कोड यू अक्षराने सुरू होतात. बॅटरी काढून कॅनच्या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय. शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. आणि ट्रॅक्शनबरोबर एबीएसचाही दिवा लागला असेल तर आधी चाकांचे सेन्सर बघा, विशेषतः हंगामात. तिथे चिखल हमखास बसतो. फक्त मोजताना वायरच्या प्लॅस्टिकमध्ये टाचणी खुपसू नका, त्याच भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तोच हिरवा गंज नव्या जागी सापडतो.