उन्हाने काढलेली चित्रे

गुरुजींनी सांगितलेली माहिती मी लिहिते. ॲना ॲटकिन्स या बाई इंग्लंडमध्ये १७९९ साली जन्मल्या. त्या तान्ह्या असतानाच आई वारली. वडिलांनी त्यांना शास्त्राची गोडी लावली. वडिलांच्या पुस्तकासाठी त्यांनी शिंपल्यांची चित्रे काढली. पण समुद्रातले शेवाळ केसासारखे बारीक. ते हाताने काढणे अवघड. मग त्यांनी काय केले? लोखंडाचे क्षार लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवले, वर काच ठेवली, कागद उन्हात धरला आणि मग पाण्यात धुतला. ऊन लागले तिथे कागद निळा झाला. शेवाळाखाली पांढराच राहिला. १८४३ साली अशा चित्रांचे पुस्तक सुरू केले. फोटो असलेले पहिले पुस्तक तेच मानतात. पुरे व्हायला दहा वर्षे लागली! १८५४ मध्ये मैत्रिणीबरोबर फुलांचे व नेच्यांचेही केले. पण शेवाळाच्या पुस्तकात पूर्ण नाव घातले नाही, ए. ए. एवढीच अक्षरे. म्हणून पुढे लोकांना कळेना, हे कोणी केले?

मीपण पतंगाच्या जांभळ्या कागदावर पिंपळाचे पान ठेवले, वर काच ठेवली. आठ दिवस उन्हात ठेवल्यावर कागद फिका झाला, पानाखाली रंग तसाच! तो कागद खाली चिकटवला आहे. पान आईने आणून दिले, म्हणून त्यावर आम्हां दोघींची पूर्ण नावे लिहिली आहेत.

– इयत्ता ४ थी