५ एकर, १८ पाणी: गहू किती, हरभरा किती?



रब्बीचं बियाणं बुक करण्याआधी पोरांच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं एक पान घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

समजा जमीन ५ एकर. विहिरीचं पाणी हंगामाला १८ (एक एकर एकदा भिजवला = १ पाणी). गव्हाला एकरी ६ पाणी, हरभऱ्याला २. खर्च वजा जाता एकरी गहू २० हजार, हरभरा १६ हजार. हे नमुन्याचे आकडे, तुम्ही तुमचे घाला.

आडव्या रेघेवर गव्हाचे एकर मांडा, उभ्या रेघेवर हरभऱ्याचे. एक चौकट = एक एकर.

*जमिनीची रेघ:* आडवीवर ५ आणि उभीवर ५, हे दोन ठिपके जोडा.
*पाण्याची रेघ:* सगळं पाणी गव्हाला दिलं तर ३ एकर भिजतो, हरभऱ्याला दिलं तर ९. म्हणून आडवीवर ३, उभीवर ९, जोडा. (शेत ५ एकरच आहे, पण रेघ ओढायला ९ ची खूण लागते.)

दोन्ही रेघांच्या आत येतं तेवढंच आपल्याला झेपतं. जास्तीत जास्त नफा या भागाच्या कोपऱ्यावर सापडतो, मधे शोधत बसू नका.

▪️ नुसता गहू ३ एकर: ६० हजार (२ एकर पडीक)
▪️ नुसता हरभरा ५ एकर: ८० हजार
▪️ रेघा छेदतात तिथे, गहू २ + हरभरा ३: *८८ हजार* ✅

गहू दोनाचा तीन एकर का नको? पाणी संपलेलं असतं. एक एकर गहू वाढवायला ३ एकर हरभरा सोडावा लागतो. २० हजारांसाठी ४८ हजार घालवायचे!

भाव थोडा इकडे-तिकडे झाला तरी हा कोपरा हलत नाही. गव्हाचा एकरी नफा हरभऱ्यापेक्षा जास्त, पण तिपटीच्या आत असेल तोवर उत्तर हेच. पाण्याचा अंदाज चुकला तर मात्र फसगत. १८ ऐवजी १४ च पाणी निघालं तर बरोबर उत्तर गहू १, हरभरा ४ (८४ हजार). पण तुम्ही २ एकर गहू आधीच पेरला असेल, तर त्याची शेवटची दोन्ही पाणी चुकतात, ऐन दाणा भरताना.

म्हणून विहिरीचा आकडा हात राखून धरा. मोटर किती तास चालते, एक एकर भिजायला किती तास लागतात, हे या आठवड्यात मोजा. आपला कागद ग्रुपवर टाकला तरी चालेल, बियाणं बुकिंगच्या वेळी सोबत बसून तपासू.