कमी खाणारे पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू भांडे हुंगून निघून गेले, की ते हट्टी आहे असा समज सहज होतो. वस्तुतः भूक मंदावण्याची कारणे अनेक असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून नवे येतात व हिरड्या दुखतात. पुढे वाढीचा वेग ओसरतो आणि आहारही घटतो. कडक उन्हाळ्यातही कुत्रे कमी खाते. पिल्लू खेळकर असेल, वजन घटत नसेल आणि बरगड्या हाताला लागत असल्या तरी ठळकपणे दिसत नसतील, तर चिंतेचे कारण नसते.

चोखंदळपणा पुष्कळदा पाळणाराच वाढवतो. नाकारलेल्या अन्नाऐवजी लगेच बिस्किट किंवा मटण मिळाले, की पिल्लू नाकारावयास शिकते. म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा व त्यानंतर २ वेळा, ठराविक वेळी अन्न द्यावे. २० मिनिटांनी भांडे उचलावे. अन्न कोमट केल्यास त्याचा वास दरवळून रुची वाढते. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट मात्र कुत्र्यास विषारी असतात.

हट्ट मोडण्यासाठी पिल्लास उपाशी ठेवू नये. लहान जातींच्या पिल्लांच्या रक्तातील साखर काही तासांतच धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अन्न नाकारण्याबरोबरच मलूलपणा, ओकारी किंवा रक्तमिश्रित जुलाब दिसल्यास पार्व्हो रोगाचा संशय घ्यावा. उपचाराविना हा रोग दोन-तीन दिवसांत प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे.