आरोपीचा वकील

मुलांनो, वकील, फिर्याद, कैद, हजर हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूतही तुम्ही ते रोज ऐकता. मात्र काही शब्द सारखे असले, तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. उर्दूत 'कायदा' म्हणजे नियम किंवा अक्षरे शिकण्याचे पहिले पुस्तक. मराठीत 'कायदा' म्हणजे 'कानून'. उर्दूत ज्याला 'मुवक्किल' म्हणतात, त्याला मराठीत 'अशील' म्हणतात. आज आपण कायद्यातील एक महत्त्वाची गोष्ट समजून घेऊ. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्यालाही वकील का मिळतो?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर हे गाव आहे. तेथील मल्लिनाथांचे जैन मंदिर प्रसिद्ध आहे. समजा, या गावातील एका किराणा दुकानाच्या गल्ल्यातून रात्री पाच हजार रुपये चोरीस गेले. दुकानदाराने पोलिसांत फिर्याद दिली. एक शेजारी म्हणाला, "दुकानात काम करणाऱ्या मुलाला मी रात्री मागच्या दाराजवळ पाहिले." पोलिसांनी त्या तरुणाला अटक केली. गावात लगेच चर्चा सुरू झाली. "चोर सापडला!" असे कोणी म्हणाले. "चोराला वकील कशाला हवा?" असे दुसऱ्याने विचारले.

तुम्हीच विचार करा. तो तरुण चोर आहे, हे कोणी ठरवले? अजून कोणीही नाही. पोलिसांना त्याचा संशय आला आहे, एवढेच खरे. कायद्याच्या भाषेत तो 'आरोपी' आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानले जाते. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. सरकारी वकील साक्षीदार आणि पुरावे न्यायालयासमोर आणतात. आरोपीचा वकील ते पुरावे तपासून पाहतो.

तो शेजाऱ्याला प्रश्न विचारतो, "रात्र अंधारी होती का? रस्त्यावर दिवा होता का? तुम्ही किती अंतरावर होता? चेहरा पाहिला, की फक्त अंगातील सदरा पाहिला?" याला उलटतपासणी म्हणतात. कदाचित शेजारी म्हणेल, "चेहरा दिसला नाही, सदरा तसा वाटला." तसा सदरा गावात दहा जणांकडे असू शकतो. हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, तर एक निरपराध तरुण तुरुंगात जाईल आणि खरा चोर मोकळा फिरेल.

आता तुम्ही म्हणाल, "पण त्यानेच चोरी केली असेल तर?" तरीही त्याला वकील हवाच. कायद्यात सांगितली आहे तेवढीच शिक्षा त्याला व्हावी, लोक रागावले आहेत म्हणून जास्त होऊ नये, हे वकील पाहतो. मात्र वकिलालाही मर्यादा आहेत. तो खोटे साक्षीदार उभे करू शकत नाही. खोटे कागद तयार करू शकत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तो उघड करत नाही. पण नवा गुन्हा करण्यास तो अशिलाला मदतही करू शकत नाही.

आपल्या इतिहासातील एक प्रसंग पाहा. १८९७ साली 'केसरी'तील लेखनाबद्दल इंग्रज सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. सुरुवातीला त्यांना जामीन मिळाला नाही. मग दिनशा दावर या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा अर्ज केला. समोर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. मुंबईतील अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक होते. सरकारने विरोध केला, तरी तय्यबजींनी जामीन मंजूर केला. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहील की नाही, हा जामिनाच्या वेळी मुख्य प्रश्न असतो. जामीन मिळाल्यामुळे टिळकांना बाहेर राहून आपल्या बचावाची तयारी करता आली. पुढे त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण खटला संपण्याआधीच शिक्षा भोगण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

१९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी त्यांच्या जामिनासाठी अर्ज केला. न्यायाधीशांच्या खुर्चीवर कोण होते? तेच दिनशा दावर! त्यांनी जामीन नाकारला. खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. दावर यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि टिळकांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९१६ साली टिळकांच्या भाषणांवरून तिसरी कारवाई झाली. त्यांनी चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून जातमुचलका आणि जामीनदार द्यावेत, असा हुकूम पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी केला. जिना यांनी पुन्हा टिळकांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

यावरून काय दिसते? १८९७ मध्ये दावर टिळकांसाठी बोलले, ते वकील म्हणून. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षा सुनावली, ती न्यायाधीश म्हणून. वकिलाचे सर्व विचार अशिलाच्या विचारांशी जुळावेच लागतात, असे नाही. अशिलाची बाजू नीट मांडणे हे त्याचे काम. दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणे हे न्यायाधीशाचे काम.

स्वतंत्र भारतात हा हक्क संविधानाने दिला आहे. संविधानाच्या कलम २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगावे लागते. तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तिला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. अटक, जामीन आणि खटला यांचे नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. कायद्याची नावे बदलली, तरी वकिलाचा हक्क कायम आहे.

पण ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने काय करावे? १९७८ साली महाराष्ट्रातील एका खटल्याचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले होते. गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, अटकेत किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेले लोक यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

म्हणून शिरड शहापूरच्या त्या तरुणाच्या आईने जमीन विकून वकील करण्याची गरज नाही. मोफत वकील मागणे ही भीक नाही, तो तिच्या मुलाचा हक्क आहे. एखाद्याला अटक झाल्याचे ऐकले, तर त्याला लगेच 'चोर' म्हणू नका. त्याच्या घरच्यांना हा हक्क माहीत आहे का, ते विचारा. माहीत नसेल, तर तुम्ही सांगा.

शब्दार्थ
आरोपी – ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो
निरपराध – बेकसूर
पुरावा – सबूत
साक्षीदार – गवाह
उलटतपासणी – साक्षीदाराला विरुद्ध बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न, जिरह
जामीन – जमानत
जातमुचलका – स्वतः लिहून दिलेली हमी
राजद्रोह – सरकारविरुद्धचा गुन्हा, बगावत

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची असते?
(आ) १८९७ साली टिळकांना जामीन कोणी दिला?
(इ) अटक झालेल्या व्यक्तीला किती तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) शेजाऱ्याची साक्ष अपुरी ठरू शकते, कारण...
(आ) गुन्हा केलेल्या आरोपीलाही वकील हवा, कारण...

प्र. ३. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' या शब्दांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे न्यायालयातील दहा शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते वहीत लिहा.