घरच्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण : पहिली खरेदी कशी करावी



माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, चाळीस वर्षे गुरुवारच्या भजनाला पेटी वाजवत. मी शेजारी टाळ धरून बसायचो. दादा गेले त्याला आता चार वर्षे झाली. मोबाइलवर घेतलेली तीन भजने तेवढी उरली आहेत. त्यांत पंखा ऐकू येतो, माझा टाळ तर फारच ऐकू येतो; पेटी मात्र कुठेतरी मागे. कारण मोबाइल मी भात्याशेजारी ठेवला होता आणि भात्याची फसफस त्याने इमानेइतबारे टिपली.

मग मी हौसेने एक कंडेन्सर माइक आणला आणि घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. आवाजच येईना! त्या माइकला 48 व्होल्टचा वीजपुरवठा तारेतूनच द्यावा लागतो, हे नंतर कळले. तेव्हा माझ्यासारखी चूक आपण करू नये म्हणून थोडे लिहितो.

1) आधी खोली. पैसे खर्च करण्यापूर्वी पंखा व फ्रीज बंद करा, रस्त्याकडची खिडकी लावा. फरशीवर सतरंजी, मोकळ्या भिंतीला गादी किंवा गोधडी टेकवा. खोली घुमायची थांबते. याला खर्च शून्य आणि फरक सर्वांत मोठा.

2) माइक. कंडेन्सर नाजूक आवाज छान टिपतो. सतार, संतूर, बासरीला तो चांगला. पण शेजारच्या कुकरची शिटीही तो तितक्याच आवडीने टिपतो. डायनॅमिक माइकला वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि जवळ ठेवल्यास आजूबाजूचा गोंगाट कमी घेतो. पेटी आणि तबला ही मोठ्या आवाजाची वाद्ये. साध्या घरात त्यांना तो पुरतो. शुअर कंपनीचा एसएम57 हा या जातीचा जुना, नावाजलेला माइक.

3) ऑडिओ इंटरफेस. माइक संगणकाला जोडणारी ही छोटी पेटी. घेताना दोन गोष्टी विचारा : माइकची दोन तोंडे आहेत का, आणि 48 व्होल्टचे बटण आहे का. दोन तोंडे असली की एक वाद्याला, एक गायकाला. सोबत कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. मुद्रणाचे ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

ज्यांना संगणकाची कटकट नको, त्यांनी दोन माइक अंगचेच असलेला हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा. एक बटण दाबले की काम सुरू. आमच्या वयाला तोच बरा, असे माझे मत.

4) जागा. पेटीला माइक भात्याच्या बाजूने नको. वरून किंवा कडेने, दीड-दोन फुटांवर, स्वरपट्ट्यांकडे तोंड करून ठेवा. तबला-डग्ग्याला दोहोंच्या मधोमध, फूटभर वर. टाळकऱ्याला लांब बसवा, त्याने रागावू नये!

5) पातळी. सर्वांत जोराच्या जागीही पट्टी उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही.

6) जपणूक. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर दोन बाजूंचे मुद्रण तासाला साधारण एक जीबी जागा घेते. बँकेत आम्ही एका प्रतीवर कधी विसंबलो नाही. एक प्रत घरी, दुसरी मुलीकडे किंवा भावाकडे ठेवा. फाइलच्या नावात तारीख, भजन आणि वाजवणाऱ्याचे नाव लिहा.

गेल्या श्रावणात आमच्या मंडळातले तबलजी काका घरी आले. वय 78, हात थरथरतो, पण ठेका अजून जागेवर. गोधड्या लावून, साध्या रेकॉर्डरवर तासभर मुद्रण केले. ऐकून काका म्हणाले, “अरे, हा मी आहे?” आणि नंतर बराच वेळ गप्प बसले.

दादांचे असे काही माझ्याकडे नाही. उपकरण पुढच्या वर्षी याहून चांगले मिळेल. वाजवणारा मिळेलच असे नाही. म्हणून येत्या गुरुवारी, निदान मोबाइल तरी भात्यापासून दूर, योग्य जागी ठेवा आणि सुरुवात करा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥